एका साक्षीचा डबा

७ सप्टेंबर

टिंब,

हे नाव बाबांचं, माझं नव्हे. मी तुला कायम शाळेतल्या नावानेच हाक मारली. ते नाव वर लिहून पाहिलं, तर पत्र नोटिशीसारखं दिसायला लागलं. म्हणून त्यांचं वापरते आहे. नको असेल तर खोडून टाक.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. खालच्या काकूंकडे मागितला, तर तोंडात टाचण्या धरून त्यांनी नुसती मान हलवली. टाचण्या काढल्यावर म्हणाल्या, "पत्ता द्यायचा नाही असं कबूल केलंय मी. पाकीट द्या, मी टाकते." चौतीस वर्षं आम्ही दोघी एकाच जिन्याने चढतो-उतरतो, आणि माझ्या मुलीचा पत्ता त्यांच्या शिवणयंत्राच्या खणात आहे. राग आला मला. खोटं कशाला सांगू.

खरं तर मी साडीची किनार लावायला गेले होते. त्यांच्या टेबलावर वीतभर झबलं पडलं होतं. मी विचारलं, "बाहुलीचं का?" त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "सातवा लागलाय तिला." मी तिथेच त्यांच्या स्टुलावर बसले. किनार तशीच राहिली.

म्हणून लिहिते आहे. मला यायचं आहे. बाळंतपणाला, किंवा नंतर, किंवा तू म्हणशील तेव्हा आणि म्हणशील तितकेच दिवस. सल्ले देणार नाही. हे वाचून हसली असशील तर तेवढं तरी पदरात पडलं.

हरवलेल्या शब्दांचा आमचा कोश संपत आला. नोव्हेंबरअखेर आमचा विभाग बंद होतोय, कपाटांवर आत्ताच नंबर चिकटवलेत. शेवटची अक्षरं चालू आहेत आणि त्यात, योगायोग बघ, आईचा शब्द आलाय. फिनिश वर्णमालेत तो ज्या अक्षराने सुरू होतो ते अगदी शेवटाकडे येतं. अ‍ॅइती. लहानपणी तुला सांगितलं होतं, विसरली असशील: हा शब्द त्या लोकांचा स्वतःचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, समुद्राकाठी त्यांच्या शेजारी जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनची पूर्वज भाषा, बोलणारी माणसं राहत होती, त्यांच्याकडून घेतलेला आहे. घरात आईला हाक मारायला चांगला आपला शब्द असताना शेजाऱ्यांचा कशाला उचलला, ते कुणाला नीट सांगता येत नाही. मला मात्र त्या काळचे फिनिक लोक, म्हणजे फिनिशच्या पूर्वज भाषेची माणसं, तो कसा उच्चारत असतील ते ठरवून एक ओळ लिहायची आहे. तिच्या आधी चांदणी येईल. चांदणी म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडलेला नाही, आम्ही पुराव्यांवरून उभा केलाय.

बाबांना राजाचा शब्द आवडायचा. ज्यांनी दिला त्यांच्या वारसांनी तो घासून घासून 'किंग' करून टाकला. ज्यांनी उसना नेला त्या फिनिश लोकांकडे तो अजून 'कुनिंगास' आहे, शेपटासकट, जवळजवळ दिला तसाच. छापखान्यात आमच्या कोशाचे खिळे जुळवता जुळवता ते म्हणायचे, "बघ टिंबा, वस्तू जपायची असेल तर शेजाऱ्याला देऊन टाकावी." तू त्यांच्या स्टुलाखाली बसून सांडलेले खिळे वेचायचीस. सगळ्यात बारीक खिळा टिंबाचा, म्हणून तू टिंब.

राहिलं बाबा गेले त्या वेळचं. तू मला आधी सांगितलं होतंस असं तू म्हणतेस. मला तसं आठवत नाही. माणूस गेल्यावर घरात इतकं काय काय बोललं जातं, की कोण कधी काय म्हणालं याचा पत्ता लागत नाही. तो विषय आपण बाजूला ठेवू शकत नाही का?

आई


२६ सप्टेंबर

टिंब,

तुझं कार्ड मिळालं. "आधी आत्याला खरं सांग. मग बघू." सहा शब्द. सात वर्षांत सहा, म्हणजे वर्षाला एकही पडत नाही. तरी मी ते दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरले आणि ऑफिसात दोनदा काढून पाहिलं.

बरं. तू सांगितलं होतंस. मागच्या पत्रात आठवत नाही म्हणाले ते जाऊ दे, आठवतं. मार्चचे पहिले दिवस होते. मी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडून बसले होते. तू ओले केस पुसत आलीस आणि उभ्या उभ्या म्हणालीस, "बाबांच्या छातीत दुखतं. ते तुला सांगत नाहीत. त्यांना डॉक्टरकडे ने." मी विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे का?" तू म्हणालीस, "आणखी कुणाजवळ कशाला बोलतील?" आणि टॉवेल खुर्चीवर टाकून निघून गेलीस. ओला टॉवेल. त्यावरूनही मी तुला काहीतरी बोलले होते.

आता माझी बाजू ऐक. आमच्या कामाची रीत तुला पाठ आहे, तरी सांगते. हरवलेला शब्द उभा करायचा तर एका भाषेतल्या पुराव्यावर भागत नाही. एकमेकींचं न ऐकलेल्या दोन भाषा हव्यात, आणि दोघींनी तेच सांगायला हवं. म्हणून आमच्या प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात, साक्ष १ आणि साक्ष २. दुसरी ओळ कोरी असेल तर चिठ्ठी कोशात जात नाही, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जाते. मोठे संपादक म्हणायचे, एकाच तोंडून आलं ते ऐकून घ्यावं, मांडू नये. काही चिठ्ठ्या त्या डब्यात माझ्या नोकरीच्या आधीपासून पडून आहेत. आईचा शब्दही त्यातच होता. फिनिशमध्ये आहे, पण समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, फिनिशच्या बहीणभाषेत, आई म्हणायला त्यांचा जुनाच शब्द चालतो. मग हा शब्द दोघांच्या मूळ भाषेत होता असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

हे वर्षानुवर्षं केल्यावर माणूस घरात शिरताना ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत नाही. मी बाबांना विचारलं होतं, हे तुला माहीत नसेल. त्याच रात्री जेवताना विचारलं. ते हसले. म्हणाले, "पोरीला काहीही वाटतं. खिळ्यांची पेटी उचलली, जरा भरून आलं असेल." एकीकडे तू, दुसरीकडे खुद्द ते. मी कुणाचं धरायचं होतं, सांग.

शिवाय दुसऱ्या खंडाची शेवटची सोळा पानं महिनाअखेर द्यायची होती. त्या चांदण्या, त्या डोक्यावर टिंबं घेतलेली अक्षरं, बाबांशिवाय कुणाला जुळवता येत नव्हती. मी म्हटलं, पानं गेली की दाखवून आणू. अठरा दिवसांनी ते स्टुलावर बसल्याबसल्याच गेले. पानं पुढे कुणीतरी जुळवली. चुका निघाल्या त्यात, अजून निघतात.

आत्यांना काय सांगू? त्या आता ब्याऐंशीच्या आहेत. इतक्या वर्षांनी जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?

आई


१५ ऑक्टोबर

टिंब,

उत्तर नाही. काकूंना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी यंत्र थांबवलं आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्या म्हणाल्या, "वहिनी, भाऊ गेले त्या दिवसांत ती रोज संध्याकाळी इथे येऊन बसायची. बोलायची नाही काही. मला बटणं लावून द्यायची. एकदाच म्हणाली, काकू, मी सांगितलं होतं हो. मी म्हटलं, सांगितलंच असशील."

मी विचारलं, "तुम्ही लगेच विश्वास ठेवलात?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यात ठेवायचं काय? पोर म्हणत होती."

मी वर आले आणि तुझ्या खोलीत जाऊन बसले. तिथे आता माझी इस्त्री असते आणि विभागातून घरी आणलेली चार खोकी. तुझ्या पलंगावर बसायला जागा करावी लागली.

मागच्या पत्रात मी आत्यांचं एका ओळीत उरकलं. आता उरकत नाही. लिहिते.

घर माणसांनी भरलं होतं. आत्या माझ्या शेजारी सतरंजीवर होत्या. भाऊ गेल्याने त्यांची शुद्ध हरपली होती आणि कुणावर तरी चिडायचं होतं, ते साहजिक होतं. त्या मला म्हणाल्या, "अगं, इतकं दुखणं अंगावर काढलं त्याने, तुला कळलं कसं नाही?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मला कुणी काही सांगितलं नव्हतं, वन्सं."

तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. हातात चहाचा ट्रे होता, दहा-बारा कप. तू म्हणालीस, "मला माहीत होतं." पुढचं तू बोलणार होतीस, मला दिसत होतं ते तुझ्या तोंडावर. पण आत्या मध्येच म्हणाल्या, "तुला माहीत होतं? मग आईला सांगायला काय झालं होतं गं तुला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी उठले, तुझ्या हातातून ट्रे घेतला आणि कप वाटायला लागले.

इतकंच घडलं. मी आरडाओरडा केला नाही, तुझ्यावर आळ घेतला नाही, कप वाटले. आणि त्या दिवसापासून सगळ्या नात्यागोत्यात तू ती मुलगी झालीस, जिला बापाचं दुखणं माहीत होतं आणि जिने तोंड उघडलं नाही. दहाव्या-तेराव्याला आलेल्या बायका तुझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. एकदा मी ऐकलंही. मी पंगतीचं बघायला निघून गेले.

तू दोन महिने वाट पाहिलीस माझी. मग विचारलंस, "आई, तू आत्याला कधी सांगणार आहेस?" मी म्हणाले, "तू नक्की सांगितलं होतंस का? मला नाही आठवत." त्या आठवड्यात तू बॅग भरलीस.

आता दुसरं. डबा शोधता शोधता एक चिठ्ठी सापडली, असं लिहायचं मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते खोटं आहे. चिठ्ठी कुठे आहे ते मला सात वर्षं माहीत आहे. पत्र्याच्या डब्यात, मागून चौथी.

तू टॉवेल टाकून गेलीस ना, तेव्हा माझ्यासमोर कोऱ्या चिठ्ठ्या होत्या आणि हातात पेन. सवयीने लिहून घेतलं. ४ मार्च. "बाबांच्या छातीत दुखतं. ते तुला सांगत नाहीत." साक्ष १, मुलगी. साक्ष २, कोरी. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात इतर चिठ्ठ्यांबरोबर ती डब्यात टाकली. जगात दुसरी कुठली बाई असं करेल का, मला माहीत नाही. नवऱ्याचं दुखणं कळलं आणि तिने त्याला वाट बघायला लावलं.

लिहिलेली चिठ्ठी फाडायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी फाडली नाही. नियम पाळला म्हणून नव्हे. फाडली असती तर तू सांगितलं होतंस हे जगात फक्त तुलाच ठाऊक राहिलं असतं, आणि तेवढी वाईट मी नव्हते, असं मला मानायचं होतं.

आत्यांकडे जाते. रविवारी जाते.

आई


३ नोव्हेंबर

टिंब,

गेले. एकदा नाही, तीनदा गेले.

आत्या आता मुलाकडे असतात, मागच्या खोलीत, खिडकीपाशी. पाय सुजलेत. मी आले म्हणून त्यांना आनंद झाला, पण मी कोण ते कळायला थोडा वेळ लागला. त्यांची सून म्हणाली, "मामी, नवीन काही राहत नाही त्यांच्या डोक्यात. जुनंही निसटायला लागलंय." मला हे कुणी कळवलं नव्हतं. मी तरी कुठे चौकशी केली होती म्हणा.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. पाठ केल्यासारखं बोलले, कारण मधे थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी मी खोटं बोलले. पोरीने मला अठरा दिवस आधी सांगितलं होतं. डॉक्टरकडे ने म्हणाली होती. मी नेलं नाही. तिची काही चूक नव्हती, माझी होती."

त्यांनी सगळं ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. माझा हात हातात घेऊन कुरवाळला. मला वाटलं, झालं. सात वर्षांत पहिल्यांदा छाती हलकी झाली माझी.

मग त्या म्हणाल्या, "तू कशाला मनाला लावून घेतेस? तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोरीने सांगायला नको होतं का?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा रडल्या. आणि पुन्हा तेच. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्याला तेच. नातवाचं नाव त्यांना आठवत नाही. सकाळी जेवल्या की नाही आठवत नाही. पण मी सतरंजीवर बसून दिलेलं वाक्य त्यांच्याकडे जसंच्या तसं आहे. "कुणी काही" म्हणताना मी जो दम घेतला होता, तोसुद्धा आहे. मी ते वाक्य सात वर्षांत किती घासलं, वळवलं, अर्धं विसरल्यासारखं केलं. त्यांनी मात्र उसनं नेलेलं जपून ठेवलं. बाबा राजाच्या शब्दावर हसायचे, तेव्हा मीही हसायचे. आता मला त्या खिडकीपाशी बसवत नाही, टिंब.

तुझी अट होती, आधी आत्याला खरं सांग. मी सांगितलं. पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं असं मी म्हणू शकत नाही, आणि कधी पोचेल असं वाटतही नाही. वेळेवर सांगितलं असतं तर पोचलं असतं. तू त्यांची लाडकी होतीस. पहिली दोन वर्षं त्या तुझी आठवण काढून रडायच्या आणि रडता रडता तुला बोल लावायच्या. मला एकच वाक्य उलटं म्हणायचं होतं.

तिसऱ्या खेपेला आत्यांची सून दारात उभी होती. हातात धुतलेले कपडे. मी जिन्याकडे निघाले तर तिने विचारलं, "मामी, खरंच असं झालं होतं?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि आम्ही इतकी वर्षं तिलाच..." कपडे खुर्चीवर ठेवून आत गेली आणि मला निरोपाचंही काही बोलली नाही. तिने चहा विचारला नाही याचं मला बरं वाटलं. तिने ते सगळ्यांना सांगावं. मी तिला तसं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ज्यांची ज्यांची नावं आठवली, त्यांना मी स्वतःही पत्रं लिहिली. अकरा झाली. हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. कोण कुजबुजायचं आणि कोणाची कुजबूज आता बंद व्हायला हवी, ते तुला कळावं म्हणून सांगते.

रविवारी मी जातच राहणार आहे. त्यांना तेवढ्यापुरतं तरी खरं कळतं. चार-पाच मिनिटं टिकतं ते. त्या चार-पाच मिनिटांत त्या तुझं नाव घेऊन "बिचारी पोर" म्हणतात.

आई


२० नोव्हेंबर

टिंब,

काकू गेल्या सोमवारी निघाल्या. तू त्यांना बोलावलंस हे त्यांनी मला सांगितलं नाही. जिन्यात बॅग दिसली, तेव्हा मला कळलं. त्या अवघडल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जा माझ्याऐवजी. मी तिला समजावते." क्षणभर मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, "तिने तुम्हाला बोलावलंय." त्यांची बॅग मी बसस्टॉपपर्यंत नेली. जड होती. आत झबली, दुपटी आणि तुझ्यासाठी शिवलेले दोन सैल गाउन होते, सगळं मला बस येईपर्यंत काढून दाखवलं त्यांनी. बस सुटल्यावर मी तिथेच बाकावर बसले. पुढच्या तीन बसेस गेल्या.

परवा त्यांचा फोन ऑफिसात आला. मुलगी झाली, म्हणाल्या. वजन चांगलं आहे, जावळ भरपूर आहे. मागे बाळाचा आवाज येत होता. आणि मग तुझा. तू विचारलंस, "कोण आहे?" काकू म्हणाल्या, "तुझी आई." थोडा वेळ नुसतं बाळच ऐकू आलं. मग तू म्हणालीस, "त्यांना सांगा, दोघी बऱ्या आहेत."

मी म्हटलं, ऐकलं. आणि फोन ठेवला. तुझा आवाज होता, टिंब. सात वर्षांनी. तू मला परक्या बाईसारखं म्हणालीस, तरी मी तो आवाज घेऊन कपाटांच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि शिपाई कपाटांचे नंबर तपासायला आला तेव्हा म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

त्याच दुपारी आईच्या शब्दाची नोंद लिहून टाकली. दुसरी साक्ष मिळाली. खरं म्हणजे ती होतीच, मी धरत नव्हते. पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच शब्दाचं एक झिजलेलं रूप आहे, एइत. अर्थ मात्र आई नव्हे, म्हातारी. अर्थ जुळत नाही म्हणून मी इतकी वर्षं ती साक्ष बाजूला ठेवत आले. परवा वाटलं, आईची म्हातारी होते, यात न जुळण्यासारखं काय आहे? काही लोक हे मान्य करणार नाहीत. न करोत. मी चांदणी लावली आणि सही केली. माझी शेवटची नोंद ती.

आणि साक्ष होती पण मी धरत नव्हते, हे लिहिताना हात थांबला. कारण ही चूक माझ्याकडून दुसऱ्यांदा होत होती. पहिल्यांदा झाली ते मी तुला अजून सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. आत्यांनासुद्धा नाही, आणि त्या तर पाच मिनिटांत विसरल्या असत्या.

चिठ्ठी लिहिली ती ४ मार्चला. ५ मार्चला संध्याकाळी मी भाजीची वाट बघत होते. बाबांना उशीर झाला म्हणून बाहेर येऊन कठड्यावरून खाली पाहिलं. ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले होते, पायरीवर. पिशवी खाली ठेवलेली, एक हात कठड्याला, दुसरा छातीवर. चेहरा वर नव्हता, पण मान कशी पडली होती ते मला दिसलं. मी हाक मारली नाही. किती वेळ पाहिलं, सांगता येत नाही. मग त्यांनी वर बघितलं, मला पाहिलं आणि लगेच उठले. म्हणाले, "पायऱ्या मोजत होतो. एक कमी भरतेय." मी हसले. पिशवी घेतली आणि विचारलं, "कोथिंबीर नाही आणलीत?"

म्हणजे मी तुला विचारलं होतं ना, आणखी कुणाला माहीत आहे का? एका दिवसात उत्तर मिळालं होतं. एकमेकींचं न ऐकता तू तेच पाहिलंस आणि मी तेच पाहिलं. आमच्या नियमाने याहून पक्कं काही नसतं. मला फक्त चिठ्ठी काढून एक ओळ भरायची होती. भरली असती तर त्यांना न्यावं लागलं असतं, आणि सोळा पानं राहिली असती. मी स्वतःशी म्हटलं, दमले असतील.

तू एकटीच बोललीस म्हणून मी विश्वास ठेवला नाही, हे खोटं आहे. मी विश्वास ठेवला होता. तुझ्यावर पहिल्याच दिवशी ठेवला होता. हे तुला आधी कळलं असतं तर तू कदाचित कधीच बॅग भरली नसतीस, किंवा मग त्याच दिवशी भरली असतीस. काही असो, ते तुझं होतं आणि मी ते सात वर्षं डब्यात ठेवलं.

मी येऊ का, हे आता विचारत नाही. काकू आहेत तुझ्याजवळ, तू चांगलं माणूस निवडलंस. बाबा मला फार आठवतात, आणि तूही. रडूही येतं. येऊ दे. बाळाला तिच्या आजोबांबद्दल सांगशील, तेव्हा त्यांचं पायऱ्या मोजण्याचं सांग. त्यांच्या थट्टा आपण दोघी खऱ्या धरून बसायचो. निदान मी तसं दाखवायचे.

चिठ्ठी सोबत पाठवते आहे. विभागाची मालमत्ता आहे, बाहेर न्यायची नसते, पण तीस वर्षांत मी काही उचललं नाही, हे एक उचलते. तिच्यातली पहिली साक्ष त्या दिवशीच्या शाईत आहे, दुसरी आजच्या. फाडू नकोस. कुणी पुन्हा विचारलं, की तू का नाही सांगितलंस, तर दाखव.

आई

——

४ मार्च. "बाबांच्या छातीत दुखतं. ते तुला सांगत नाहीत."

साक्ष १: मुलगी.

साक्ष २: मी. ५ मार्च, दुसऱ्या मजल्याचं वळण. स्वतःच्या डोळ्यांनी.